एक ओळ राहिली होती

प्रभूची प्रार्थना सगळं चर्च एका सुरात म्हणायचं, आणि मधल्या एका ओळीवर शिवणमावशींचं तोंड घट्ट मिटायचं. आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तूही आम्हाला कर, असं देवाला सांगणारी ती ओळ. अलीकडचं-पलीकडचं सगळं मावशी खणखणीत म्हणत. त्या ओळीपाशी मात्र ओठ बंद आणि नजर पुढच्या बाकाच्या पाठीवर. ओळ सरली की पुन्हा सगळ्यांच्या सुरात सूर. चालता चालता एखादी फुटकी फरशी ओलांडून पुढं जावं, तसं.

हे नऊ वर्षं चाललं होतं.

पहिली दोन वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग पाळकसाहेबांच्या आलं. त्यांना एका कानानं जवळजवळ ऐकूच येत नसे, त्यामुळे माणसांच्या ओठांकडे बघायची त्यांना सवय होती. एका रविवारी त्यांनी मावशींना दारात गाठलं.

"बाई, प्रार्थनेतून मधेच कुठं जाऊन येतेस?"

मावशींनी आढेवेढे घेतले नाहीत. "खोटं बोलवत नाही, साहेब. क्षमा केली नाही, तर केली म्हणून कशी सांगू? तेही देवाला?"

पाळकसाहेब हनुवटी खाजवत राहिले. आता उपदेश ऐकावा लागणार, असं मावशींना वाटलं. पण ते म्हणाले, "बरोबर आहे. खोटं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. तोवर तुझ्या वाटणीची ओळ मी म्हणत जाईन. तू सावकाश ये."

"आणि आलेच नाही तर?"

"तर म्हणत राहीन. मला दुसरा उद्योग काय आहे?"

मावशींचा नवरा वायरमन होता. हसरा, बडबड्या, खिशात कायम टेस्टर. त्याचा जिवलग मित्र म्हणजे सुतार. चर्चचं बारीकसारीक काम निघालं की दोघं मिळून फुकटात करून टाकत. त्या शनिवारी दुपारी पंखा बदलायचा होता. वायरमन शिडीवर, सुतार शिडी धरून खाली. फरशी नुकतीच पुसलेली. तेवढ्यात मागच्या खोलीतून हाक आली, "चहा झालाय, थंड होईल!" सुतार म्हणाला, "दोन कप घेऊन येतो, हललास तर बघ." तो गेला, आणि शिडी घसरली.

वायरमन तीन दिवस जगला. त्या तीन दिवसांतच, कुणी विचारायच्या आधी, सुतारानं दवाखान्याच्या व्हरांड्यात मावशींपुढं हात जोडून सगळं सांगून टाकलं. "वहिनी, शिडी मी सोडली. चहा आणायला गेलो होतो." एक शब्द लपवला नाही, एक कारण पुढं केलं नाही. त्यानं खोटं बोलून हात झटकले असते तर एक वेळ सोपं गेलं असतं, असं मावशींना पुढं कितीतरी वेळा वाटलं. खोटारड्याला शिव्या देता येतात. खरं बोलणाऱ्याचं काय करायचं?

एका कप चहासाठी! हे तीन शब्द त्यांच्या घशात हाडकासारखे अडकले ते अडकलेच. ज्याला पूर्वी ‘भाऊजी, जेवून जा’ म्हणत, त्याचं त्यांनी नावच टाकलं. तो रस्त्यात दिसला तर त्या पदपथ बदलत. चर्चमध्ये मात्र तो येई. पहिलं गीत सुरू झाल्यावर यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा आणि उपासना संपायच्या आत निघून जायचा. मावशींच्या मते हा निव्वळ कोडगेपणा होता. उशिरा या, लवकर जा, देवालासुद्धा पाहुण्यासारखं भेटा.

त्यांची मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. आता चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करत होती. तिनं दुसऱ्याच वर्षी सुताराला पुन्हा ‘काका’ म्हणायला सुरुवात केली. मावशींनी कळल्या दिवशी ताट सरकवलं.

"तुझ्या बापाला खाली पाडणारा तुझा काका?"

"आई," मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा तुझ्या एकटीचे नव्हते. माझ्या वाटणीचं मी माफ केलं. तुझ्या वाटणीचं तू बघ."

कानाखाली बसावी तसे ते शब्द बसले. पण मावशी बधल्या नाहीत.

आणि एक गोष्ट अशी होती की जी त्यांनी मुलीलाही सांगितली नव्हती. पहिली तीन-चार वर्षं शिवणयंत्रावर पाय चालवता चालवता त्या देवाशी भांडत. ‘ज्या हातानं शिडी सोडली, तो हात त्याला लाभू देऊ नको. करवतीखाली जाऊ दे, रंध्याखाली जाऊ दे. तुला दिसत कसं नाही? त्याचं दुकान चालतंय, तो दोन वेळा जेवतोय, आणि तू आपला गप्प.’ देव गप्पच राहिला. मावशी थकल्या, मागणं आपोआप थांबलं. राग तेवढा तळाशी बसून राहिला, गाळासारखा.

त्या इस्पितळाच्या शिवणखोलीत कामाला होत्या. तळमजल्यावर, धुलाईच्या शेजारी, एका खिडकीची खोली. मधोमध विरलेली चादर उभी फाडायची, धडक्या कडा आत घेऊन एकमेकींना जोडायच्या, की चादर आणखी दोन वर्षं चालते. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. डॉक्टरमंडळी हसून म्हणत, ‘आम्ही माणसं शिवतो त्यापेक्षा मावशींची शिवण सरळ.’

एका सोमवारी पुरुषांच्या वॉर्डातून सिस्टरचा फोन आला. "मावशी, टेप घेऊन वर या. एका पेशंटच्या हाताला सळ्या लावल्यात, गाऊनच्या बाहीतून हात जात नाही. सकाळपासून उघडाच बसलाय बिचारा, कुडकुडतोय."

मावशी टेप गळ्यात टाकून गेल्या. खाटेवर सुतार बसला होता.

उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, बँडेजमधून चार चकचकीत सळ्या बाहेर आलेल्या. मावशींना बघताच त्यानं डाव्या हातानं चादर छातीवर ओढली. त्याचे ओठ ‘व’साठी उघडले आणि तसेच राहिले.

"रंधा मशीन," सिस्टर सांगत होती. "दोन बोटं गेली, बाकी हात वाचला म्हणायचा. मावशी, माप..."

‘अंदाजानं करते’ एवढं पुटपुटून मावशी जिना उतरल्या. खोलीत येऊन त्यांनी एका गाऊनची बाही सरळ कापून टाकली आणि तो गाऊन वॉर्डातल्या बाईच्या हाती वर धाडला. मग दुसरा हातात घेतला, तर सुई बोटात घुसली. तीस वर्षांत पहिल्यांदा. बोटावरच्या रक्ताच्या थेंबाकडे बघताना त्यांच्या मनात एकच वाक्य फिरत होतं. मी हेच मागितलं होतं.

काम सुटल्यावर त्या घरी गेल्या नाहीत, सरळ पाळकसाहेबांकडे गेल्या. अजून चांगलं ऊन होतं. साहेब ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत होते.

"साहेब, मी त्याला शाप दिला होता," मावशी हळूच म्हणाल्या.

"काय?"

"शाप दिला होता."

"साप? कुठं साप?"

"शाप! शाप!" मावशी ओरडल्या. "सुताराला शाप दिला होता मी! हात तुटू दे म्हणून!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. पाळकसाहेबांनी तिकडं बघून ब्रश हलवला. खिडकी बंद झाली. त्यांनी बूट बाजूला ठेवला, पायरीवर मावशींसाठी जागा केली आणि आपला बरा कान त्यांच्याकडे वळवला. मावशींनी सगळं सांगितलं. यंत्रावरचं भांडण, करवत, रंधा, काहीच ठेवलं नाही.

"हे कधी मागत होतीस?"

"पहिली तीन-चार वर्षं. रोज."

"आणि अलीकडे?"

"अलीकडे... विसरले होते."

"म्हणजे तू विसरून गेल्यावर इतक्या वर्षांनी देवानं तुझा अर्ज काढला आणि मंजूर केला? अगं, ती काय सरकारी कचेरी आहे?"

मावशींना रडता रडता हसू फुटलं, आणि त्याचा त्यांना रागही आला.

"मशीनचं झाकण काढून काम करत होता तो," साहेब म्हणाले. "त्याची बायको सकाळीच येऊन गेली. घाई होती, झाकण आडवं येत होतं, काढून ठेवलं. एवढंच झालं. माणसाचा शाप एवढ्या कामाचा असता तर जगात एक सुतार धड राहिला नसता, आणि एक पाळकही नाही." मग त्यांचा आवाज उतरला. "बाई, देव गप्प बसला म्हणून तू रागावलीस. मला वाटतं, तो थांबला. तू मागितलंस त्याच दिवशी त्यानं दिलं असतं, तर आज तू कोण असतीस? एका माणसाचा हात मागून घेतलेली बाई. ते ओझं तुला पेललं असतं? तुझी ती मागणी त्यानं ऐकली आणि मुठीत दाबून ठेवली. तुझ्यावर रागावलाही नाही. दर रविवारी तुला येऊ दिलं, अर्धी प्रार्थना म्हणू दिली."

मावशी पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या.

"सुताराच्या बाबतीत देवाचा धीर तुला खुपतो. पण त्याच धीरावर तू जगतेस. मीही जगतो. माझं सांगायला बसलो तर बुटाचं पॉलिश वाळून जाईल. तो धीर आशीर्वादासारखा आपल्या डोक्यावर आहे, म्हणून उद्याची सकाळ दिसते. घाईचा देव असता, तर तुझा-माझा निभाव लागला नसता."

"मग मी आता काय करू? क्षमा केली म्हणून सांगू जाऊन?"

"झाली का?"

"नाही."

"मग नको सांगू. तुला काय करता येतं?"

मावशींनी विचार केला. "बाही नीट करता येईल. आज नुसती कापून दिली."

"मग ती कर," म्हणून साहेबांनी बूट पुन्हा हातात घेतला.

मंगळवारी मावशींनी सकाळपासून तीन गाऊन केले. गळ्यापासून मनगटापर्यंत उजवी शिवण उसवली, आतून मऊ पट्टी लावली. पट्टीवर बंद लावणार होत्या, पण हात थांबला. बंद बांधायला दोन हात लागतात. त्यांनी मोठी टिचबटणं शोधून काढली आणि आपला उजवा हात पाठीमागं धरून, डाव्या अंगठ्यानं प्रत्येक बटण लागतं का ते पाहिलं. दोन लागेनात, ती काढून पुन्हा लावली. मग घडी घालून त्या वर गेल्या.

सुतार खिडकीकडे तोंड करून बसला होता. मावशींनी गाऊन त्याच्या अंगावर चढवला, सळ्यांना धक्का न लावता बाही खालून वर आणली. खांदे बरेच उतरले होते त्याचे. केस पांढरे कधी झाले, ते बघितलंच नव्हतं.

"आता तुम्ही लावा बटणं," त्या म्हणाल्या. नऊ वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

त्यानं एकेक करत लावली. शेवटचं तिसऱ्या खेपेला लागलं. मावशी उभ्या राहिल्या, मदतीला हात पुढं केला नाही. त्याला ते नको असणार, हे त्यांना कळलं.

"वहिनी," तो म्हणाला, "माफी मागायची हिंमत अजून होत नाही."

"मागू नका. मागितलीत तर उत्तर द्यावं लागेल, आणि आज ते माझ्यापाशी नाही."

त्यानं मान हलवली. जायला वळलेल्या मावशी पुन्हा फिरल्या. बरेच दिवस मनात होतं, ते तोंडून निघून गेलं. "चर्चमधून लवकर का पळता? शेवटच्या आशीर्वादालाही थांबत नाही. कसली एवढी घाई असते?"

सुतार बटणांकडे बघत राहिला. "आशीर्वाद झाला की सगळे दाराशी येतात. तुमच्यासमोर मी येऊ नये, म्हणून. येतानाही तेच. तुम्ही आत बसलात की मग येतो."

मावशींनी खाटेचा दांडा धरला. "नऊ वर्षांत एकदाही घेतला नाहीत आशीर्वाद?"

"पाळकसाहेब घरी येऊन देतो म्हणाले होते. मी म्हटलं, घेईन तर सगळ्यांबरोबर घेईन. वहिनींना चालेल तेव्हा. मी थांबतो."

त्यांच्या मनात जो कोडगा माणूस इतकी वर्षं शेवटच्या बाकावर बसला होता, तो उठून कुठंतरी निघून गेला. "उद्या दुसरा गाऊन आणते, हा धुवायला टाका," एवढंच म्हणून त्या निघाल्या. जिन्यावर मात्र बसून राहिल्या, बरीच माणसं वरखाली करेपर्यंत.

त्यानंतर त्या रोज वर जात. बोलणं फारसं नसे. टाका तुटला का, पट्टी टोचते का, असंच. एकदा सुताराच्या बायकोनं त्यांचा हात धरला आणि दोघी धरूनच राहिल्या. घरी मुलीनं विचारलं, "आई, काकांना भेटतेस म्हणे?" मावशी म्हणाल्या, "बाहीला भेटते." मुलगी हसली आणि पुढं काही विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी सुतार घरी गेला, आणि त्या रविवारी पहिल्या गीतानंतर शेवटचा बाक करकरला. मावशींनी वळून बघितलं नाही. प्रार्थना सुरू झाली. ती ओळ आली. मावशींचे ओठ सवयीनं मिटले. चर्च ओळ म्हणून पुढं गेलं, पुढचीही ओळ झाली, आणि मावशींना वाटलं की आजही राहिलं. मग, सगळे ‘आमेन’ म्हणून थांबल्यावर, त्या शांततेत एक बारीक, घोगरा आवाज ती मागची ओळ एकटाच म्हणत गेला. आपलाच आवाज आहे हे त्यांना अर्ध्यात कळलं. थांबावंसं वाटलं, पण ओळ पुरी झाली. शेजारी बसलेल्या मुलीनं त्यांचा गुडघा घट्ट धरला. पाळकसाहेबांना ऐकू आलं नसेल, पण ते ओठांकडे बघत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायचं निमित्त केलं.

शेवटी आशीर्वादासाठी साहेबांनी दोन्ही हात वर केले. सगळे उभे राहिले. मागं बाक करकरला, पावलं दाराकडे निघाली.

"थांबा, भाऊजी," मावशी वळून म्हणाल्या. जरा जोरातच. सगळं चर्च मागं बघू लागलं.

सुतार दाराशी उभा, डावा हात कडीवर. त्याला पुढंही येववेना, मागंही जाववेना. पाळकसाहेब हात वर धरून तसेच उभे होते. त्या वयात हात किती वेळ वर राहणार. बाह्या थरथरायला लागल्या, पण त्यांनी ते खाली घेतले नाहीत आणि तोंडही उघडलं नाही. सुताराची बायको त्याच्याजवळ गेली. त्यानं कडी सोडली. जागेवर येऊन उभा राहिला, मान खाली घातली. तेव्हा कुठं साहेबांनी आशीर्वाद दिला, आणि नेहमीपेक्षा सावकाश दिला.

बाहेर दाराशी मावशी आणि सुतार समोरासमोर आले. आता रडारड होणार असं वाटून बायका रुमाल काढून तयार होत्या. मावशी म्हणाल्या, "बाहीला घाम लागतो, रोज बदलत चला." सुतार "हो, वहिनी" म्हणाला. बायकांची निराशा झाली.

पुढच्या रविवारी मात्र मावशींना ती ओळ पुन्हा म्हणता आली नाही. आदल्या दिवशी कपाटात वायरमनचा एक जुना शर्ट हाती लागला होता. सगळं वर आलं. उपासनेनंतर त्या खालमानेनं साहेबांकडे गेल्या. "साहेब, आज परत अडलं."

"मी म्हटली तुझ्या वाटणीची," साहेब म्हणाले. "मला वाटलंच होतं. मी काम सोडलं नव्हतं."

असं होत होत, कधी म्हणून, कधी गप्प राहून, वर्ष गेलं. आता त्या बहुतेक रविवारी म्हणतात.

सुतार डाव्या हातानं काम शिकतो आहे. शिवणखोलीत चादरी ठेवायला फळी हवी होती, तेव्हा मावशींनीच इस्पितळात त्याचं नाव सुचवलं. अर्ध्या दिवसाचं काम. त्याला चार दिवस लागले. स्क्रू निसटायचा, तो वाकून उचलायचा, पुन्हा लावायचा. मावशी पाठ करून यंत्र चालवत राहिल्या. चौथ्या दिवशी दुपारी त्यानं हातोडी खाली ठेवली आणि लांब उभं राहून फळीकडे डोळे बारीक करून बघितलं.

"वहिनी, वाकडी झाली का हो?"

मावशींनी यंत्र थांबवलं. फळी डावीकडे चांगली बोटभर खाली होती.

"झालीय थोडी," त्या म्हणाल्या आणि घडी घातलेल्या चादरी एकेक करून तिच्यावर रचू लागल्या. "चादरींना कुठं कळतंय?"